बंधाऱ्याचं चूलबंद आवतण

आमच्या जालन्याच्या इंग्रजी शाळेत पर्यावरण दिन साजरा व्हायचा तो उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर, म्हणजे खरी तारीख उलटून गेल्यावर. त्या दिवशी चित्रकलेची स्पर्धा असे आणि मी दर वर्षी पेंग्विन काढत असे. खाली वितळणारा बर्फ, वर घाम पुसणारी पृथ्वी. बर्फ आम्ही मुलींनी फक्त रसवंतीवर पाहिलेला, भुशात गुंडाळलेला. शाळेच्या कोपऱ्यावर टँकरला लागलेली हंड्यांची रांग आम्ही रोज रिक्षातून बघत होतो, पण ती चित्रात काढायची असते असं कोणी सांगितलं नव्हतं. एकदा मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते स्टेजवर जाऊन घ्यायचं आणि माइकवर दोन शब्द बोलायचे होते. मी पोटात दुखतंय म्हणून घरी आले आणि बक्षीस शेजारच्या मुलीच्या दप्तरातून आलं.

मला दोन भाषा येत होत्या आणि दोन्हींत मी गप्प असे. लोकांना वाटे मी गर्विष्ठ आहे. वडिलांना वाटे मला दृष्ट लागली आहे. खरं म्हणजे बोलायच्या आधी मी वाक्य मनात जुळवत बसे आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असे. त्यावर मी एक उपाय शोधला होता. कोणीही काहीही विचारलं की मान डोलवायची. बहुतेक माणसांचं त्यावर भागतं.

बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय करायचं हे ठरेना, तेव्हा वडिलांनी मला काही महिन्यांसाठी आत्याकडे पाठवलं. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. मंठ्याहून आत, कापूस आणि तुरीच्या रानात बसलेलं एक लहान गाव, तिथे तिचं सासर. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. नवं शतक नुकतंच लागलं होतं. गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं होतं आणि आत्या सरपंच झाली होती. म्हणजे अर्ज मामांनी भरला, प्रचार मामांनी केला, गुलाल मामांवर पडला आणि सरपंचाचा शिक्का मामांच्या बंडीच्या खिशात राहिला. आत्या सही करायला शिकलेली होती, ती लागेल तिथे करायची. मामा वाईट नव्हते. बायकोचा त्रास कमी करतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मी गेले तेव्हा आत्याने पहिल्यांदाच स्वतःचं एक काम काढलं होतं. गावाखालून एक ओढा जातो. पावसाळा संपला तरी दिवाळीनंतर महिनाभर त्याला बारीक धार असते आणि ती सगळी वाहून जाते. ओढ्याकाठी खालच्या आळीची विहीर आहे. ती होळीच्या आधीच तळ दाखवते, मग आळीतल्या बाया दोन शेतं ओलांडून पाणी आणतात. तालुक्याला महिला सरपंचांचं शिबिर झालं होतं, तिथे आत्याने रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून ओढा अडवलेला पाहिला. सिमेंट नको, ठेकेदार नको, फक्त माणसं पाहिजेत. धार आटायच्या आत बंधारा झाला पाहिजे, एवढीच अट. ती घरी आली आणि म्हणाली, हे आपण करायचं.

मामांना ते पटलं नाही. कापसाच्या वेचणीचे दिवस, मजूर पैसे देऊन मिळेना, फुकट कोण येणार. त्यात आदल्या पावसाळ्यात त्यांनी आणि उपसरपंचाने मिळून झाडं लावायचा कार्यक्रम केला होता, त्याची आठवण ताजी होती. तालुक्याचे साहेब आले, सत्कार झाले, फेटे झाले, रोपाला हार घातला, भाषणं झाली आणि आभारप्रदर्शन चालू असताना कोणाची तरी शेळी येऊन हारासकट रोप खाऊन गेली. गावाची मंडळी भाषण ऐकायला नाही, पण शेळी बघायला पुढे सरकली होती. मामा म्हणायचे, लोकांपुढे हात जोडून काम मागायचं आणि कोणी आलं नाही तर घराचं नाव जातं. नाव गेलं की परत येत नाही.

उपसरपंच तर पारावर बसून उघडच बोलला. त्याला स्वतःला सरपंच व्हायचं होतं, राखीव निघाल्याने तो अडकला होता. तो म्हणाला, ‘बाईच्या शब्दावर गावात धा मानसं गोळा व्हत्यात का ते बघू. न्हाई झाली तर येत्या मीटिंगला अविश्वासाच्या कागदावर सह्या. मंग तहसीलदार अन् ती बघून घेतीन.’ सदस्यांपैकी बरेच त्याच्या बाजूला झुकले आहेत हे मामांनी रात्रीच्या जेवणाला सांगितलं. सांगताना ते फार दुःखी वाटले नाहीत. त्यांचं म्हणणं, हे बंधाऱ्याचं खूळ सोड, मी सगळ्यांची समजूत घालतो, पहिल्यासारखं चालू राहील.

आत्या भाकरी थापत होती. तिने ती परातीतून उचलून तव्यावर टाकली आणि म्हणाली, ‘पहिल्यासारखंच चालवायचं असंल तर ती सही तुमीच शिका. मला नको सरपंचकी.’

त्यानंतर घरात दोन दिवस भांडी जोरात वाजत होती.

अमावस्या जवळ आली होती. अवसेला आमच्या भागात औत धरत नाहीत, त्यामुळे माणसं गावात सापडतात. आत्याने तोच दिवस धरला. आदल्या दिवशी तिला स्वतःला तालुक्याला जावं लागलं, म्हणून घरोघर निरोप द्यायचं काम तिने माझ्याकडे दिलं. मी नको म्हणायचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात ती गेलीसुद्धा. जाताना सांगून गेली की प्रत्येक घरातून एक माणूस, बरोबर एक रिकामं पोतं. आणि बायांना कुंकू लाव. नुसता तोंडी निरोप पुरुषांच्या कानावर जातो आणि तिथेच राहतो, कुंकू लावलं की बाई येते. तिने माझ्या हातात कुंकवाची कोयरी ठेवली.

पहिल्या घरी एक म्हातारी आजी ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी वाटेत वाक्य पाठ केलं होतं: उद्या सकाळी ओढ्यावर श्रमदान आहे, तरी प्रत्येक घरातून एकाने यावं. मी कुंकू लावलं आणि ‘उद्या सकाळी ओढ्यावर’ एवढं म्हणाले. पुढचं काही केल्या येईना. आजीला माझी दया आली असावी. तिने मदत केली.

‘वढ्यावर काय हाय? कार्य हाय?’

मी मान डोलवली. ओढ्यावर कार्यच होतं.

‘सरपंचाच्या घरचं?’

मी मान डोलवली.

‘एकाचं का समद्यायचं?’

इथे मी अडले. सांगायचं होतं एकाचं. पण म्हातारीच्या कपाळावर ताजं कुंकू, तिच्या मागे दारातून तीन सुना डोकावताहेत आणि त्यांना तोंडावर सांगायचं की तुमच्यापैकी एकीनेच या, हे मला फार उद्धट वाटलं. आमच्या शाळेतल्या वाढदिवसाच्या कार्डांवरसुद्धा सहकुटुंब या असं छापलेलं असे. ‘सगळ्यांनी या,’ मी म्हणाले. त्या दिवसभरातलं माझं ते पहिलं पूर्ण वाक्य.

‘मंग चूल न्हाई पेटवायची,’ आजी सुनांकडे वळून म्हणाली.

मी मान डोलवली.

पुढचं फार सोपं गेलं. निरोप माझ्यापुढे पळत होता. मी दाराशी पोचेपर्यंत बाया उंबऱ्यात कपाळ पुढे करून उभ्या असत. ‘समद्यायचं ना?’ असं विचारत आणि मी मान डोलवत असे. ‘येताना पोतं आणा,’ एवढं मात्र मी प्रत्येक घरी आठवणीने म्हणत होते. काही बायांना त्याचं नवल वाटलं. एक दुसरीला म्हणाली, बसायला असंल, वढ्यावर खडे लई हायेत. मला ते नीट कळलं नाही आणि विचारायचं वाक्य जुळेपर्यंत मी दोन घरं पुढे गेले होते. खालच्या आळीतही गेले. तिथे एका बाईने मला पाणी दिलं आणि पुन्हा पुन्हा विचारलं, आमच्याबी घरच्या समद्यायचं? मी इतक्यांदा मान डोलवली की ती हसली.

शेवटचं घर उपसरपंचाचं होतं. दारात एक कुत्रं बसलं होतं. ते भुंकलं नाही, नुसतं उठून उभं राहिलं आणि माझ्याकडे बघत राहिलं. मीही त्याच्याकडे बघत राहिले. आतून कोणी आलं नाही. हाक मारायची म्हणजे अनोळखी घरात मोठ्याने ओरडायचं, ते मला जमण्यातलं नव्हतं. मी परत आले.

संध्याकाळी आत्याला सगळं सांगितलं. एक कुत्र्याचं घर सोडलं तर सगळे येतो म्हणाले. आत्याने मला जवळ घेतलं. कुत्र्याच्या घराबद्दल ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, त्यो तसाबी आला नसता.

सकाळी मामा ओट्यावर निंबाची काडी चावत उभे होते. चावता चावता थांबले. आमचा ओटा उंचावर आहे, तिथून सगळं गाव दिसतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग आत येऊन हळू आवाजात म्हणाले, ‘गावात कोन गेलं गं?’

कोणी गेलं असतं तर रात्रीच कळलं असतं, आत्या म्हणाली.

‘मंग एकाबी घरातून धूर काहून न्हाई?’

आत्या बाहेर आली. मीही आले. खरंच, कुठल्याच छपरावर धूर नव्हता. एरवी त्या वेळेला गावावर निळसर थर असे. मला ते दृश्य आवडलं, हवा किती स्वच्छ दिसत होती. तेवढ्यात शेजारची बाई दोन पोरांना न्हाऊ-माखू घालून, डोक्याला तेल चोपून, एक धुतलेलं पोतं काखोटीला मारून आली आणि आत्याला म्हणाली, ‘अक्का, कनिक तिंबायला आत्ताच येऊ, का पोरायला वढ्यावर बसवून येऊ?’

आत्याने तिच्याकडे बघितलं. पोत्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘काय सांगितलंस गं तू लोकायला?’

मी सांगितलं. सगळ्यांनी या, चूल पेटवू नका, पोतं आणा.

तेव्हा मला कळलं की आवतण किती प्रकारचं असतं. आवतण म्हणजे जेवणाचं बोलावणं. एक माणसाचं असतं, घरातून एकाने जायचं. एक जोडप्याचं असतं. आणि एक असतं चूलबंद. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. म्हातारे, तान्ही, माहेरपणाला आलेल्या लेकी, आलेले पाहुणे, सगळे बोलावणाऱ्याच्या घरी जेवतात. चूलबंद आवतण लग्नात भाऊबंदांना देतात, तेही जपून, सुपारी कातरत, विचार करून. साऱ्या गावाला चूलबंद आवतण त्या गावात कोणीच कधी दिलेलं नव्हतं. आदल्या दुपारी मी ते दिलं होतं, कुंकू लावून.

मामा ओट्यावर खाली बसले. मला वाटलं आता ते ओरडणार. मी ओरडून घ्यायला तयार होऊन उभी राहिले. पण त्याच वेळेला समोरून एक म्हातारे गृहस्थ धुतलेलं धोतर नेसून चालले होते, त्यांनी लांबूनच हात जोडले आणि म्हणाले, ‘आज तुमच्याकडंच बरं का समदे.’

मामा उठले. हात जोडले. चेहऱ्यावर हसू आणलं. ‘म्हंजे काय. याच. जल्दी या.’

म्हातारे वळणाआड जाईपर्यंत ते हसू त्यांनी तसंच धरून ठेवलं. मग बंडीच्या बाह्या वर केल्या आणि आत्याला विचारलं, घरात गहू किती आहेत.

मी त्या दिवशी पाहिलं की मामांना बंधाऱ्यात काही रस नव्हता, पण त्यांच्या दारातून कोणी उपाशी गेलं असतं तर ते त्या गावात राहू शकले नसते. मारुतीच्या देवळात गावकीची मोठी भांडी असतात, ती त्यांनी काढवली. तुरीची डाळ घरची होती. वांगी त्यांनी ज्याच्या मळ्यात दिसली त्याला गळ घालून तोडवली. रोडगे करायचे ठरले, म्हणजे भरड गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. रोडगे पुरुषच करतात, माणसं कितीही असोत निभतं. अडचण एकच आली. गहू दळायला चक्कीवर गेले तर चक्कीला कुलूप. चक्कीवाला बायकामुलांना घेऊन, नवा शर्ट घालून ओढ्यावर जाऊन बसला होता. मामा त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, आज आपल्याला चूलबंद आवतण आहे, चक्की बंद. मामांनी त्याला समजावलं की तुझी चक्की बंद राहिली तर तुझं आवतणही बंद राहील. तेव्हा तो उठला.

ओढ्यावर सगळं गाव गोळा झालं होतं. लग्नाला यावं तसे लोक आले होते, नव्या लुगड्यांत, टोप्या घालून आणि पोती पसरून त्यांवर पंगतीसारखे बसले होते. आत्या त्यांच्यासमोर उभी राहिली. मी तिच्या मागे. मला वाटलं, ती आता खुलासा करणार की चूक झाली, पोरगी शहरातली आहे. ती आधी थोडा वेळ नुसती बघत राहिली. एवढी माणसं तिच्या नावाने कधी जमली नव्हती, हे तिच्याइतकंच त्यांच्याही लक्षात आलं असावं.

मग ती म्हणाली, ‘आलात, बरं वाटलं. आता कार्याच्या घरची रीत तुमाला मी सांगायची का? आधी काम, मंग पंगत. ह्या धोंड्याच्या डोक्यापसतर बंधारा आला की पानं वाढू. उठा, पोत्यावर बसलात ती पोती भरायचीत.’

एक जण कुजबुजला की आमी तर जेवायला आल्तो. त्याच्या बायकोनेच त्याला उठवलं. लग्नघरी हात आखडून बसणं ही लाजेची गोष्ट, ती शिकवावी लागत नव्हती. ते लग्नघर ओढ्यात होतं एवढाच फरक. पुरुषांनी धोतरं खोचली, बायांनी पदर कमरेला बांधले. काही जण फावडी आणायला घरी पळाले. पोती भरायची, सुतळीने तोंड शिवायचं आणि साखळी करून हातोहात ओढ्यात पोचवायची.

सगळ्यात जड गेलं ते पोती घाण करायला. लोकांनी बसायला म्हणून चांगली, धुतलेली पोती आणली होती. पहिल्या घरच्या आजीने तर तुरीचं ठेवणीतलं पोतं आणलं होतं, ती ते सोडेना. माती भरल्यावर पोतं परत मिळणार नाही हे तिला कळलं तेव्हा तिने अट घातली. तिचं पोतं सगळ्यात वरच्या थरात ठेवायचं, म्हणजे येता-जाता तिला दिसेल. ते भरून बाजूला ठेवलं आणि ती दिवसभर त्यावरच बसून राहिली, कोणी चुकून खालच्या थरात टाकू नये म्हणून.

मामांचा रोडग्यांचा आर ओढ्याच्या वरच्या अंगाला होता, आंब्याखाली. बंधारा खालच्या अंगाला. मधे हाक पोचत नव्हती आणि दोघांनाही जागा सोडता येत नव्हती. म्हणून निरोप न्यायचं काम मला लागलं. त्या दिवशी मी आयुष्यात सगळ्यात जास्त बोलले असेन, पण त्यातलं माझं काहीच नव्हतं. मामा म्हणायचे, ‘विचार तिला, लोकं उपाशी मारायचीत का.’ मी खाली जाऊन सांगायची, मामा विचारताहेत अजून किती वेळ. आत्या म्हणायची, ‘म्हनाव सरपंच मी हाये, तुमी भाजीचं मीठ बघा.’ मी वर जाऊन सांगायची, आत्या म्हणते आहे भाजीचं मीठ बघा. मामा खरंच बघायचे. एकदा त्यांनी मला ओगराळं दिलं आणि चव बघायला सांगितली. चव छान होती. मी मान डोलवली. ते म्हणाले, ‘मान नको हलवू. बराबर हाय का न्हाई, तोंडानं सांग.’ मी म्हणाले, थोडं तिखट कमी आहे. त्यांनी तिखट टाकलं.

दुपार कलली तेव्हा रोडग्यांचा वास खाली उतरायला लागला. त्या वासाने बंधारा भराभर वर आला. आत्याला ओरडावं लागलंच नाही. बंधारा धोंड्याच्या डोक्याला लागला तेव्हा सगळ्यात वर आजीचं पोतं ठेवलं गेलं, आजीने ते हाताने थोपटलं आणि जो तो जिथे उभा होता तिथेच खाली बसला.

इथे एक गोष्ट झाली, तिच्यावर कोणी काही बोललं नाही. गावच्या पंगतींची बसायची जागा ठरलेली असे. वरची आळी देवळासमोर, खालची आळी तिच्यानंतर किंवा बाजूला. ओढ्याकाठी सपाट जागा एकच होती, अरुंद. लोक साखळीत जसे उभे होते तसेच बसले, कोपरापर्यंत चिखल. धुतलेलं धोतर नेसून आलेल्या त्या म्हाताऱ्यांनी दोनदा इकडे तिकडे बघितलं, आपली नेहमीची जागा शोधली. ती नव्हती. मला पाणी देणारी खालच्या आळीतली बाई थोडी सरकली, ते तिच्या आणि चक्कीवाल्याच्या मधे बसले आणि वाढा म्हणाले. मी रोडगे वाढत होते. मी कोणाकडे टक लावून बघितलं नाही, पण बघितलं.

मामा वाढता वाढता गावाकडे बघून थांबले. एका घरातून धूर येत होता.

‘ते कोनाचं घर राह्यलं?’

मी सांगितलं. कुत्र्याचं.

मामांनी कपाळावर हात मारला. सगळ्या गावाला चूलबंद आणि एकाच घरी कुंकू नाही, याचा त्या गावातला अर्थ कुत्र्यावर ढकलता येण्यासारखा नव्हता. ते स्वतः बोलवायला निघाले होते, पण आत्याने अडवलं. आता पंगत उठायच्या वेळेला बोलावणं म्हणजे खरकट्याला बोलावणं. राहू दे, ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. नेमका तोच माणूस आणि मीटिंग तोंडावर आलेली.

मीटिंगला मी चहा घेऊन गेले आणि परत निघायच्या ऐवजी दाराशी उभी राहिले. कोणी हाकललं नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत सगळे सदस्य, भिंतीला टेकून आत्या आणि दाराबाहेर पायरीवर मामा. उपसरपंच उठला. कागद त्याच्या हातात होता.

‘आमचा सरपंचबाईवर अविश्वास हाय,’ तो म्हणाला.

कशामुळे, असं आत्याने विचारलं.

त्याने जे पारावर सांगितलं होतं, ते आता म्हणायची सोय नव्हती. बाईच्या शब्दावर दहा माणसं येत नाहीत हे म्हणायचं कसं, तिथे बसलेला प्रत्येक सदस्य त्या पंगतीत जेवला होता. त्याने कागदाकडे बघितलं, तिथेही तेच लिहिलेलं असावं. मग त्याचा आवाज बदलला.

‘समद्या गावाला चूलबंद. खालच्या आळीला चूलबंद, चक्कीवाल्याला चूलबंद. माझी माय नवं लुगडं नेसून दिवसभर उंबऱ्यात बसून राह्यली, का आत्ता येतीन बोलवायला. दुपारी म्हनली, पेटव बाबा चूल, न्हाई येत कोनी.’ तो खाली बसला. ‘ह्याच्यावर माझा अविश्वास हाय.’

कोणी हसलं नाही. एक सदस्य चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, ‘आमी तर जेवलोत, दादा. आता चार दिसात सही करायची म्हंजे...’ त्याने वाक्य पुरं केलं नाही.

मी दारातून म्हणाले, ‘कुत्रं होतं.’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, मी आले होते कुंकू घेऊन, पण दारात कुत्रं होतं आणि मला त्याची भीती वाटली. आत्याने नाही टाळलं. एवढं सगळं मी सलग बोलले.

उपसरपंच माझ्याकडे बघत राहिला. ‘चावत न्हाई ते,’ तो म्हणाला. ‘बिलकुल चावत न्हाई.’

आत्या उठली. म्हणाली, बंधारा एका बाजूने झिरपतो आहे, तिथे अजून एक थर घालावा लागेल. धार आहे तोवरच. उद्या मी स्वतः तुमच्या घरी कुंकू घेऊन येते, परवाचं चूलबंद. कागदाचं तुम्ही ठरवा, आधी सह्या की आधी कुंकू.

त्याने हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, ‘माझ्या घरात मानसं लई हायेत.’

पायरीवरून मामा म्हणाले, ‘येऊ द्या. रोडगे लावतो.’

ठरल्या दिवशी ते घर आलं. म्हातारी बैलगाडीतून आली, लुगडं तेच नवं. ती आंब्याखाली मामांच्या शेजारी बसली आणि गोळे असे वळू नका, तसे वळा हे सांगायला लागली. मामांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. गाडीतून पोतीही आली होती, रिकामी, चांगली जाड. उपसरपंचाने धोतर वर खोचलं, ओढ्यात उतरला आणि उतरल्या उतरल्या आपल्या पोरांना हुकूम सोडू लागला, हे इकडे टाका, ते तिकडे. आत्या पलीकडे गुडघाभर पाण्यात वाकून फट बुजवत होती. तिने त्याला काही म्हटलं नाही. तो एक भरलेलं पोतं पोटाशी धरून बंधाऱ्याच्या मधोमध आला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पोरं थांबली होती. पोतं जड होतं आणि त्यातून पाणी गळत होतं.

‘सरपंचबाई,’ तो म्हणाला, ‘ह्ये कुठं ठिवू?’

‘तिकडल्या कडंला,’ आत्या वर न बघता म्हणाली. ‘अन् शिवलेलं तोंड आतल्या अंगाला करा.’